ठेव मोडू नका, आणि घरी पीयूही मारू नका

मिरजेच्या एका वाचकांकडे वडिलांनी १९६४ साली घेतलेला फार्गो ट्रक आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातला. सांगलीच्या पेठेत त्याने वर्षानुवर्षे हळदीची पोती वाहिली. इंजिन आता सुरू झाले आहे, रंग बाकी आहे. गॅरेजवाल्याने पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून फवारायच्या पॉलियुरेथेन रंगाचे १,८५,००० सांगितले. कॉम्प्रेसर आणि रंग फवारायची गन विकत घेऊन घरीच पीयू मारला तर ७०,००० लागतील, असा त्यांचा अंदाज. घरात कमावते ते एकटेच. घरखर्च महिन्याला ३८,०००, मुलीच्या इंजिनिअरिंगची फी वर्षाला १,३०,००० आणि अजून दोन वर्षे बाकी. जवळ ६ लाखांची एकच मुदत ठेव आहे. ती मोडून गॅरेजला द्यावे की घरी करावे, असे ते विचारतात.

आधी ठेवीकडे बघू. सहा महिन्यांचा घरखर्च २,२८,००० आणि फीचे २,६०,००० मिळून ४,८८,००० होतात. त्यांना हात लावायचा नाही. उरले १,१२,०००. गॅरेजचा आकडा इथेच बाद झाला, आणि तेवढ्यासाठी पर्सनल लोन तर मुळीच नको. शिवाय हे १,१२,००० सगळ्या ट्रकचे आहेत, नुसत्या रंगाचे नाहीत. टायर, ब्रेक, वायरिंग यांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. ती कामे रंगाआधी उरका. ब्रेक ऑइल नव्या रंगावर सांडले की रंग उचलून येतो.

तेव्हा रंग घरीच द्या, पण पीयू नको. त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या द्रवात, आयसोसायनेट हे रसायन असते. त्याचा फवारा श्वासातून गेला तर कायमचा दमा जडू शकतो. कोळशाच्या फिल्टरचा मास्क त्याला पुरेसा भरवशाचा नाही, बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तुमच्या ७०,००० मध्ये तो धरलेला नाही. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालते, म्हणून मी हे इतके ठासून लिहितो आहे.

साधा सिंथेटिक इनॅमल घ्या. उन्हात तो पीयूपेक्षा लवकर फिका पडतो, हे खरे. पण एखादे मडगार्ड खरवडले तर तेवढेच घासून पुन्हा रंगवता येते, आणि जुन्या ट्रकला त्याचे मवाळ तेज शोभतेही. दुकानदार त्यातही हार्डनर घालायला सांगेल. घालू नका, त्यातही बहुधा आयसोसायनेटच असते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, म्हणजे ड्यूको, हाही नको, तो जुन्या इनॅमलवर मारला तर खालचा थर सुरकुततो. आणि मास्क इनॅमललाही लागतोच, तिथे मात्र वाफेसाठीचा फिल्टरवाला चालतो.

खरा पैसा रंगाखाली जाऊ द्या. दारांचे तळ, पायरी, काचेभोवतीची रबरे काढून बघा, गंज तिथेच दबा धरून असतो. कुजलेला पत्रा कापून नवा जोडा. नुसती लांबी (पुट्टी) भरली तर दोन पावसाळ्यांत फुगवटे येतील. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडा घासू नका, पाणीपेपर वापरा आणि मुलांना लांब ठेवा. पत्रा उघडा झाला की पुसून, वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लावा, ब्रशने लावला तरी चालेल. लांबी त्यावर, तीही पातळ. लांबी पाणी पिते, म्हणून ती मात्र कोरडीच घासा, पण मास्क लावून. हे सगळे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका.

कॉम्प्रेसर विकत घेऊ नका. केबिन आणि बॉनेटपुरता आठ-दहा दिवस भाड्याने आणा. लहान कॉम्प्रेसरची हवा मोठ्या पत्र्याला पुरत नाही, गन थुंकायला लागते. चासी आणि हौदा ब्रशनेच रंगवा. या सगळ्याला ४५,००० ची मर्यादा घाला, त्यातले निम्म्याहून जास्त पत्रा आणि प्रायमरला. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून लागतील तेवढे पैसे उचला. व्याज साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही उचललेल्या रकमेवरच. पगारातून महिना ४,००० भरलेत तर वर्षभरात फिटेल. उरलेले ६७,००० टायर-ब्रेकसाठी राहू द्या.

डबा उघडण्याआधी आरसीवर कोणता रंग लिहिला आहे ते बघा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली खासगी वापराची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. फी २०,०००, मुदत दहा वर्षे. पण नियमात शब्द दुचाकी-चारचाकी असे आहेत आणि तुमचा ट्रक मालवाहू. तेव्हा आरटीओचे उत्तर लेखी घ्या. नोंदणी होणार असेल तर हे २०,००० त्या ६७,००० मधूनच जातील. मूळ रंगाचा तुकडा डॅशबोर्डखाली किंवा दाराच्या रबराआड सापडेल, तो दुकानात नेऊन रंग जुळवून घ्या.

हौद्यावरची अक्षरे मात्र स्वतः काढू नका. हाताने लिहिणारा पेंटर शोधा, त्याला जुना फोटो दाखवा, आणि वडिलांचे नाव होते तिथेच, होते तसेच लिहून घ्या. त्याचे पैसे ४५,००० च्या बाहेर गेले तरी मी हरकत घेणार नाही.