पूर्णवेळ आणि सीएचबी अध्यापक: प्रमाण मोजायचे कसे?

आपण महाविद्यालय विकास समितीवर नव्याने आला आहात आणि आपल्या अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ व तासिका तत्त्वावरील, म्हणजे सीएचबी, अध्यापकांचे प्रमाण किती असावे असे विचारले आहे. नियमातला आकडा आधी सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार कंत्राटी अध्यापक एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावेत आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे. आपल्याकडे मात्र सीएचबीचे मानधन तासावर मिळते आणि त्याकडे कंत्राटापेक्षा वेगळी सोय म्हणून पाहिले जाते. त्यामुळे ही मर्यादा कागदावर न मोडताही विभागच्या विभाग सीएचबीवर चालतात. केवळ टक्केवारीचा आग्रह धरून समितीच्या हाती फार काही लागेल, असे मला वाटत नाही.

माझ्या मते माणसे मोजण्याऐवजी तास मोजावेत, आणि तेही वर्गाबाहेरचे. त्याच विनियमांत पूर्णवेळ अध्यापकाचा आठवडा किमान ४० तासांचा धरला आहे आणि सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे. एक पद रिक्त झाले आणि त्याचा कार्यभार दोन सीएचबी अध्यापकांत वाटला, की १६ तास भरले जातात आणि वेळापत्रक पूर्ण दिसते. उरलेल्या २४ तासांना मात्र कोणी वाली राहत नाही. त्यांतला तयारीचा वेळ सीएचबी अध्यापक मानधनाविना देतोच (हे कोणत्याही प्रस्तावात लिहिलेले नसते), परंतु प्रवेश, अंतर्गत मूल्यमापन, परीक्षा, राष्ट्रीय सेवा योजना आणि नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे, दस्तऐवज हे सारे विभागात उरलेल्या एक-दोन पूर्णवेळ सहकाऱ्यांवर येऊन पडते. चार मंजूर पदांच्या विभागात दोन पदे रिक्त असतील, तर चौघांची ही कामे दोघांनी करायची असतात. शिवाय पीएच.डी.चे मार्गदर्शक नियमित अध्यापकच होऊ शकतात आणि नॅकच्या निकषांत मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ अध्यापक किती, हे तपासले जाते. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम सुरू झाल्यावर कौशल्य विषय, कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्रीय प्रकल्प यांमुळे वर्गाबाहेरचे काम आणखी वाढले आहे.

तास मोजण्याची पद्धत नवी नाही, मग ते वर्गातले का असेनात. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या कायद्यात सामुदायिक महाविद्यालयांतील ७५ टक्के अध्यापन-तास पूर्णवेळ अध्यापकांकडे असावेत, असे उद्दिष्ट ठेवले. तेथील बहुतेक महाविद्यालयीन जिल्हे (ही महाविद्यालये चालवणारी स्थानिक मंडळे) आजही त्याच्या मागेच आहेत, कारण उद्दिष्टासोबत पुरेसा पैसा आला नाही. तरीही तूट किती आहे, हे तासांत सांगता येते आणि त्यावर दरवर्षी वाद घालता येतो. आपल्याकडे तो वाद ‘जागा भरल्या का’ एवढ्यावरच संपतो.

पद भरणे समितीच्या हातात नाही. कार्यभाराची तपासणी, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा तक्ता) आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र यांतून प्रस्ताव जातो आणि शासनाची भरतीबंदी असेल तर तो तेथेच थांबतो. समितीच्या हातात आहे ते एवढे, की कार्यभाराच्या तक्त्याला वर्गाबाहेरच्या कामाचा विभागनिहाय तक्ता जोडायचा आणि कोणते काम किती जणांवर पडते ते त्यात लिहायचे. सीएचबी अध्यापकांच्या तासिका सलग लावाव्यात, कारण त्यांतले अनेकजण एकाच दिवशी दोन महाविद्यालयांत शिकवतात. आणि परीक्षेची पर्यवेक्षणासारखी कामे त्यांना द्यायची असतील, तर त्या कामांचे मानधन संस्थेच्या निधीतून आधी मंजूर करावे. ‘थोडी मदत करा’ ही पद्धत बंद झाली पाहिजे.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांबाबत मी अधिक कडक आहे. सफाई आणि सुरक्षा बाह्य यंत्रणेकडे असली तरी चालते. परंतु परीक्षा विभाग, सेवापुस्तके आणि महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी अशा माणसाकडे असावी, जो पुढच्या वर्षीही तेथे असेल, कारण चुकीचा शेरा मारून परत पाठवलेला अर्ज वेळेत दुरुस्त झाला नाही, तर विद्यार्थ्याची वर्षाची शिष्यवृत्ती जाते. प्रयोगशाळा परिचराचे पद रिक्त असेल तर रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांच्या तुकड्या किती मोठ्या झाल्या आहेत, तेही त्याच तक्त्यात येऊ द्या. हा तक्ता समितीच्या बैठकीत ठराव करून इतिवृत्तात नोंदवा आणि पदमान्यतेच्या प्रस्तावासोबत ठरावाची प्रत सहसंचालक कार्यालयाला पाठवा.