कोरोनाच्या काळात कोकणातल्या तज्ज्ञ डॉक्टरांना ऑनलाइन शिक्षणाचा खरंच उपयोग झाला का?

हो, झाला, पण निर्णय घ्यायला जेवढा झाला तेवढा हात बसायला नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात भूलतज्ज्ञ आहे, त्या दिवसांत अतिदक्षता विभागातच होतो. नेमकं सांगायचं तर जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी या कोरोनावरच्या औषधांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि तेही ज्याला ऑक्सिजन लागतोय त्यालाच. बाकीच्यांना फायदा नाही. एरवी असलं काही परिषदेसाठी मुंबई गाठली की कानावर पडायचं. या वेळी वेबिनारमधून चर्चेसकट मिळालं. मधुमेही पेशंटची साखर चढली तर काय, स्टेरॉइड कधी थांबवायचं, हे तिथल्या तिथे विचारता आलं. एकट्याने विभाग सांभाळणाऱ्याला ही विचारायची सोयच मोठी. नुसती व्याख्यानं मात्र बरीचशी फुकट गेली. औषध कंपन्यांनी पुरस्कृत केलेली तर राहूच द्या.

मर्यादा अशी, की श्वासनलिकेत नळी घालणं किंवा २०२१ मध्ये म्युकरमायकोसिससाठी (काळ्या बुरशीच्या संसर्गासाठी) करावी लागलेली दुर्बिणीतून सायनसची शस्त्रक्रिया पडद्यावर बघून येत नाही. त्यात वीज आणि नेटवर्क. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे दोन्ही झोपली. तिथे वेबिनार कसला, साधा फोन लावायला रेंज शोधत फिरावं लागत होतं.