मंद वाऱ्यात शिडाची बोट : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

शिडाच्या बोटींविषयी आलेल्या पत्रांत यावेळी मंद वाऱ्याबद्दलची पत्रे सर्वांत जास्त आहेत. जोराच्या वाऱ्याची धास्ती असते, म्हणून त्याचा अभ्यास होतो. मंद वारा मात्र ‘आज वाराच नाही’ म्हणून सोडून दिला जातो. चांगला आणि सामान्य नावाडी यांतला फरक याच हवेत सर्वांत ठळक दिसतो, असे आम्हांला वाटते. खालची उत्तरे एक ते सहा-सात नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यापुरतीच समजावीत.

प्रश्न : धरणाच्या पाण्यात आम्ही दोघी बहिणी ‘एंटरप्राइज’ (दोघांनी चालवायची छोटी शिडाची बोट) चालवतो. वारा चार नॉटवर आला की वाऱ्यावर चढताना (वारा येतो त्या दिशेकडे तिरके जाताना) आमची बोट जागीच थबकते. दोन्ही शिडे घट्ट ओढलेली असतात, नाळही (बोटीचे पुढचे टोक) वाऱ्याच्या शक्य तितकी जवळ असते. तरी आमच्याहून वजनदार जोड्या पुढे निघून जातात. आमचे चुकते कुठे? (पुणे)

शिडे घट्ट आणि नाळ वाऱ्याला चिकटलेली, चूक इथेच आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने बदलतो. बारा नॉटला जेवढा दाब असतो, त्याचा फक्त नववा हिस्सा चार नॉटला उरतो. इतकी दुबळी हवा शिडाच्या तीव्र वळणावर टिकत नाही. शीड फार आत ओढले की त्याची मागची कड आत वळते, पाठीवरची हवा सुटून भोवरे होतात आणि शीड भरलेले दिसत असूनही ओढ देत नाही. त्यात नाळ वाऱ्याच्या फार जवळ धरली की वेग आणखी घटतो, सेंटरबोर्डवरून (तळातून पाण्यात सोडलेल्या उभ्या फळीवरून) पुरेसे पाणी वाहत नाही आणि बोट आडवी सरकू लागते. म्हणून आधी पाच-सात अंश खाली उतरून, म्हणजे नाळ वाऱ्यापासून दूर नेऊन, वेग घ्या. वेग आल्यावर चढ आपोआप मिळतो.

आता शिडाचे पोट. तीन नॉटच्या खाली बहुतेक जण वारा कमी म्हणून शीड फुगवतात. करायचे नेमके याच्या उलट. आऊटहॉल (शिडाची खालची कड मागे ताणणारा दोर) ओढून बूमच्या (शिडाखालच्या आडव्या काठीच्या) मध्यावर बूम आणि शीड यांत चार बोटांचे अंतर ठेवा. वारा चार ते सात नॉटवर स्थिरावला की आऊटहॉल सोडा, मग वीतभर अंतर चालेल. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारा दोर) पूर्ण सैल. पुढच्या कडेला बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या तर राहू द्या. त्या घालवायला हॅलियर्ड (शीड वर चढवायचा दोर) ताणलात की पोट पुढे सरकते, जिबची (पुढच्या लहान शिडाची) पुढची कड बोथट होते आणि बोट वर चढेनाशी होते.

व्हँग (बूम खाली ओढून धरणारा दोर) मोकळी सोडा. मेनशीट (मोठे शीड आत-बाहेर करायचा दोर) इतकीच ओढा की शिडात आडवी घातलेली सर्वांत वरची पट्टी बूमला समांतर राहील किंवा किंचित बाहेर उघडेल. त्या पट्टीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधलेला असावा, आणि तो बहुतेक वेळ सरळ मागे वाहताना दिसावा. तो शिडाच्या पाठीमागे लपला तर वरचे शीड बंद पडले आहे, शीट थोडी सोडा. शिडाला असा पीळ देण्याचे कारण साधे आहे. पाण्यालगतची हवा घर्षणाने मंदावते आणि डोलकाठीच्या टोकाशी वारा जास्त असतो. बोटीचा स्वतःचा वेग त्यात मिसळला की खालच्या शिडाला वारा अधिक समोरून लागतो आणि वरच्याला अधिक बाजूने. दोराकडेही पाहा. जाड, भिजलेली शीट स्वतःच्या वजनाने शीड खाली खेचते. अशा दिवसासाठी सहा मिलिमीटरचा, पाणी न शोषणारा दोर वेगळा ठेवावा.

जिबच्या पुढच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना धागे लावा. वाऱ्याकडचा धागा किंचित उचलला गेला तर फार बिघडत नाही. वाऱ्याआडचा धागा मात्र कधीच फडफडू देऊ नका. तो फडफडला म्हणजे हवा सुटली. जिबशीट एक-दोन इंच सोडा किंवा थोडे वर चढा. एकदा सुटलेली हवा पुन्हा चिकटायला मंद वाऱ्यात बराच वेळ लागतो, आणि तेवढ्यात दुसरी बोट निघून जाते.

शिडांइतकेच महत्त्व तुम्ही बसता कुठे याला आहे. कमी वेगात बोट लाटा जवळजवळ उठवतच नाही. तिला अडवते ते मुख्यतः तळाशी घासणारे पाणी, म्हणून तळाचा जितका कमी भाग भिजेल तितके चांगले. एंटरप्राइजचा तळ गोल नाही, त्याला दोन्ही बाजूंना कंगोरे आहेत. बोट वाऱ्याआडच्या बाजूला आठ-दहा अंश कललेली ठेवली की ती एका कंगोऱ्यावर टेकते आणि दुसऱ्या बाजूचा तळ पाण्याबाहेर येतो. शिवाय शीड स्वतःच्या वजनानेच योग्य आकारात लोंबते आणि टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) वर चढण्याचा हलका ओढा लागतो. त्या ओढ्यावरूनच तुम्हांला हाताशी बोट कळते. पुढच्या शिडाचा दोर सांभाळणाऱ्या जोडीदारणीने वाऱ्याआडच्या बाजूला, डोलकाठीजवळ बसावे. चालवणारीने वाऱ्याकडे, पण होईल तितके पुढे सरकावे. मागे वळून पाहा. मागच्या फळीखालून पाणी गुळगुळीत सुटत असेल तर ठीक. ते खळखळत बुडबुडे ओढत असेल तर दोघींनी आणखी पुढे सरका.

वजनदार जोड्यांचे म्हणाल, तर जड बोट दोन झुळुकांमधल्या पोकळीत वेग थोडा जास्त टिकवते हे खरे. पण तुमचे वर्णन वाचून त्यांचा फायदा वजनाचा नसून त्या वाऱ्याच्या कमी जवळ जातात याचा आहे, असे आमचे मत आहे.

टिलर दोन बोटांत धरा. सुकाणूचे पान तिरके झाले की ते गतिरोधकच असते, म्हणून बोट वळवायला आधी शरीर वापरा आणि मग टिलर. टॅक घेताना (नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना) बोट वाऱ्याआड थोडी कलू द्या, टिलर हळूच ढकला, जिब फडफडू लागताच दोघींनी जुन्या वाऱ्याकडच्या बाजूला जोर देऊन बोट त्या बाजूला कलवा. नाळ वाऱ्यातून पार झाली की नव्या बाजूला जाऊन बोट सरळ करा. सरळ होताना मेनशीट फूटभर सोडलेली असावी आणि बोट उभी राहते तशी आत यावी. टॅक संपल्यावर पहिली दहा-पंधरा सेकंदे नेहमीपेक्षा खाली धरा. आणि टॅक मोजकेच घ्या.

बोटीला झटके देऊ नका. धाडकन उडी मारून बाजू बदलली की डोलकाठी हलते, शिडावरची हवा झटकली जाते आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न : वरच्यासारखे बोट कलवून टॅक घेणे शर्यतीत चालते का? आमच्या क्लबात यावरून वाद झाला. (ठाणे)

चालते. शर्यतीच्या नियमांतला ४२वा नियम बोट फक्त वारा आणि पाणी यांच्या जोरावर चालवायला सांगतो. शीड वारंवार हलवून पंखा केल्यासारखे करणे, बोट एकसारखी डोलवणे, पुढे झटका देऊन थांबणे आणि सुकाणू जोरात वल्हवणे हे सारे त्यात निषिद्ध आहे. टॅक किंवा जाइब (बोटीचे मागचे टोक वाऱ्यातून फिरवणे) घेताना कलण्याला शरीराने जोर द्यायची मुभा आहे. अट एवढीच की टॅक संपल्यानंतरचा वेग, टॅक न घेता असता त्याहून जास्त नसावा. डावीकडे-उजवीकडे उगाचच टॅक घेत वेग मिळवणारा बाद ठरतो.

प्रश्न : वारा पाठीमागून असताना बोट सरळ खाली नेली की शीड लुळे पडते. थोडी वर (वाऱ्याकडे) काढली तर अंतर वाढते. काय परवडते? (पणजी)

पाच नॉट वाऱ्यात बोट अडीच नॉटने सरळ खाली जात असेल, तर तिच्यावर उरतो फक्त अडीच नॉट वारा, म्हणजे थांबलेल्या बोटीवरच्या दाबाचा चौथा हिस्सा. म्हणून वर काढणे बहुधा परवडते. पण किती वर, हे बोटीवर अवलंबून आहे. सरळ रेषेपासून १५ अंश वर गेलात तर अंतर साडेतीन टक्केच वाढते, २० अंशांवर सहा टक्क्यांहून थोडे जास्त, ३५ अंशांवर २२ टक्के. मोठे असममित स्पिनेकर (पुढे लावायचे फुगीर, हलके शीड) असलेली हलकी बोट त्या २२ टक्क्यांची भरपाई सहज करते. फक्त जिब आणि मेनसेल असलेली छोटी बोट मात्र बहुधा १५-२० अंशांच्या आत राहिलेली बरी. जिबसाठी बाहेर धरायला काठी लावा. सेंटरबोर्ड बहुतांश वर घ्या, पण सुकाणूवर ताबा राहील इतके खाली ठेवा. बोट वाऱ्याकडच्या बाजूला किंचित कलवली की मेनसेल वर जाते आणि टिलरवरचा ओढाही नाहीसा होतो.

झुळूक आली की सरळ खाली उतरा, ती गेली की वर काढा. बहुतेक जण झुळूक आल्यावर उत्साहाने वर जातात आणि वारा गेल्यावर नाइलाजाने खाली उतरतात. दोन्ही वेळा उलटे घडते.

प्रश्न : मुंबईसाठी जुनी तीस फुटी कौटुंबिक बोट घ्यायची आहे. सकाळी वारा फारच मंद असतो. कोणत्या आकड्यांवरून समजावे की ती अशा हवेत चालेल? (मुंबई)

पहिला आकडा शिडाचे क्षेत्र भागिले बोटीने सारलेल्या पाण्याच्या घनफळाचा दोन-तृतीयांश घात. समजा बोटीचे वजन ४००० किलो आहे आणि समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १०२५ किलो धरली, तर घनफळ ३.९ घनमीटर, त्याचा दोन-तृतीयांश घात सुमारे २.४८. शिडे ४२ चौरस मीटर असतील तर भागाकार १७ येतो. तो संथ प्रवासी बोटीचा मानावा. ५० चौरस मीटरला २० येतो, आणि अशी बोट मंद हवेत निघेल. विक्रेत्याने दिलेले वजन रिकाम्या बोटीचे असते हे विसरू नका. पाण्याच्या टाक्या, साखळी, बॅटऱ्या, खाद्य यांसह ६०० किलो चढवले की तीच ४२ चौरस मीटरची बोट १५.४ वर येते. दुसरा आकडा शिडाचे क्षेत्र भागिले भिजणारा तळ. तो अडीचच्या वर असावा. लांब कण्याच्या जुन्या बोटींत तो याहून कमी निघतो.

पण या आकड्यांपेक्षा पाण्याखालची घाण मोठी. मुंबईच्या कोमट पाण्यात शेवाळ आणि शिंपले फार झपाट्याने बसतात. खडबडीत तळावर सुंदर शिडेही व्यर्थ आहेत. त्यानंतर इंजिनचा पाण्यातला पंखा. तीन स्थिर पात्यांचा पंखा शिडावर चालताना ब्रेकसारखा ओढतो, म्हणून मिटणारा पंखा बसवण्याचा खर्च मंद हवेसाठी सर्वांत उपयुक्त आहे. स्थिर पंखा असेल तर तो फिरता सोडायचा की गिअरमध्ये अडकवायचा हे गिअरपेटीच्या माहितीपुस्तिकेत पाहा, कारण काही पेट्यांना इंजिन बंद असताना तेल मिळत नाही.

शिडांत एक हलके, मोठे नायलॉनचे गेनेकर (पुढचे फुगीर शीड) मिळाले तर जुन्या जेनोआपेक्षा (मोठ्या जिबपेक्षा) अधिक उपयोग होईल. कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडून इतर महिन्यांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, तो सकाळी मरतो आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा चढतो. बोट सकाळी जमिनीच्या वाऱ्यावर बाहेर नेणे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याने परत येणे, ही आखणी तिच्या कुठल्याही सुधारणेपेक्षा कमी खर्चाची आहे.

प्रश्न : वारा पडल्यावर आंग्रे यांची गलबते इंग्रजांच्या मोठ्या जहाजांवर चाल करत, असे वाचले. शिडाच्या जहाजांना हे कसे जमे? (अलिबाग)

कारण ती फक्त शिडाची नव्हती. अठराव्या शतकातला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या आरमाराचे वर्णन करताना दोन प्रकार सांगितले आहेत. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचे, लांबीच्या मानाने रुंद, कमी पाणी लागणारे जहाज, नाळ पुढे निमुळती होत गेलेली आणि नाळेतून पुढे रोखलेल्या तोफा. गलबत त्याहून लहान, त्याला ४०-५० वल्ही. वारा नसला की गलबते गुराबांना दोरांनी ओढत नेत. चौकोनी शिडांचे भारी जहाज अशा वेळी आपली बाजूही फिरवू शकत नसे, आणि त्याच्या बहुतेक तोफा तर बाजूंनाच. गुराब त्याच्या मागच्या टोकाशी येऊन पुढच्या तोफा डागत असे. तळ उथळ असल्याने पाठलाग झाला तरी खाडीत शिरून निसटता येई.

शिडाचे गुणही मदतीला येत. कोकणी जहाजांच्या लांब परमाणावरचे (शीड बांधायच्या तिरक्या काठीवरचे) तिरके शीड डोलकाठीच्याही वर जाते, जिथे हवा जास्त असते, आणि चौकोनी शिडापेक्षा वाऱ्याच्या जवळ चालते.

प्रश्न : मुंबई बंदरात शर्यतीत वारा मरतो आणि ओहोटी आम्हांला मागे नेते. नांगर टाकणे हा रडीचा डाव आहे का? (उरण)

मुळीच नाही, नियमांत तशी मुभा आहे. पाण्यावर बोट पुढे जाताना दिसते म्हणून फसू नका. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून पाहा. जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा नाळेच्या दिशेने सरकताना दिसली तर तुम्ही मागे जाता आहात, नांगर टाका. तो वेळीच तयार ठेवा, दोर मोकळा आणि पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट सोडलेला. छपकन फेकू नका, हळूच सोडा, म्हणजे बोटीला उलटा धक्का बसत नाही आणि शेजारच्या बोटींना कळतही नाही. निघताना तो वर घ्यावाच लागतो.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. तीन नॉट खारा वारा आत येत असेल आणि दोन नॉटची ओहोटी त्याच्या समोर बाहेर जात असेल, तर प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या बोटीच्या शिडांना पाच नॉट वारा लागतो. भरतीत तोच एक नॉट उरतो. दाब वर्गाने बदलतो म्हणून हा पंचवीस पटींचा फरक झाला. वाऱ्यावर चढायचा टप्पा ओहोटीत आला तर खोल पाण्यात, प्रवाहाच्या मध्यावर जा. भरतीत असेल तर उथळ काठाने चढा, तिथे पाणी सर्वांत संथ असते. मात्र खोली सतत तपासा, कारण ओहोटी लागल्यावर रुतलेली बोट पुढची भरती येईपर्यंत सुटत नाही.