झाडाच्या हवेचे पैसे परदेशातली कंपनी काहून देईल?

प्रश्न : सर, मागल्या आठवड्यात गावात दोन पोरं आली, पारावर बसून म्हणाली सातबारा द्या, धुऱ्यावर झाडं लावा, कार्बनचे पैसे दरवर्षी खात्यात. करार तीस वर्षांचा. पण आमच्या झाडाचे पैसे परदेशातली कंपनी काहून देईल? फसवणूक तर नाही ना? – एक शेतकरी, ता. वसमत

उत्तर : भाऊ, धंदा खरा आहे पण सहीची घाई करू नका.

ट्रॅक्टरमधी एक लिटर डिझेल जळालं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हंजे ३७० लिटरला एक टन. तेवढाच एक टन दुसरीकडं कुणी शोषला किंवा हवेत जायचा थांबवला की त्याचं एक क्रेडिट होतं, अन् ते विकत घेऊन कंपनी आपण सोडलेल्या कार्बनची भरपाई दाखवते. आता कारखान्याला भट्टी बदलायला कोट्यवधी लागतात, विमानाला तर इंधनाशिवाय उडताच येत नाही, त्यापेक्षा तुमच्या धुऱ्यावरचा टन स्वस्त पडतो, काहींना नियमामुळं घ्यावा लागतो आणि खरं सांगू का, बऱ्याच जणांना नुसतं जाहिरातीत मिरवायचं असतं.

तुमच्या बाजूनं बघा. वाळल्या लाकडात निम्मं वजन कार्बनचं, अन् एक टन कार्बन डायऑक्साइडमधी नुसता कार्बन पावणेतीन क्विंटलच, बाकी ऑक्सिजन, त्या हिशोबानं एका क्रेडिटला साधारण साडेपाच क्विंटल वाळलं लाकूड लागतं, मुळ्या धरून. पहिली दोन-चार वर्षं रोप काठीएवढं असतं, मग दरवर्षी पैसे कशाचे, हे त्या पोरांनाच विचारा.

आणि आजोबांनी लावलेला आंबा, जुना लिंब यात धरत नाहीत बरं का, ती झाडं तशीही उभीच राहणार होती, पैसा फक्त या योजनेमुळं जे नवीन झालं त्याचा. ते जुना लिंब पण मोजत असतील तर पाणी मुरतंय समजा.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आठवतंय ना? तसा उन्हाळा आला अन् रोपं वाळली तर? नीट चालणाऱ्या प्रकल्पात अशा नुकसानीसाठी काही क्रेडिटं राखून ठेवतात, तुमच्या करारात काय लिहिलंय बघा. मधीच वाटणी झाली, जमीन विकली, लेकीच्या लग्नाला झाड तोडलं तर दंड किती तेही बघा. आमच्या साडूनं न वाचता सही केली, आता स्वतःच्याच धुऱ्यावरची फांदी तोडायला फोन करून विचारतो.

व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड या कार्बन क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या यादीत प्रकल्पाचा नंबर असतो, तो मागा, मोबाइलवर कुणालाही बघता येतो. कराराची मराठी प्रत मागा अन् तालुक्याच्या वकिलाला दाखवा. देत नसतील तर चहा पाजा अन् वाटंला लावा.