फोटोवर खुणा करताना

देवगडला आमची हापूसची बाग आहे. मोहोरावर काही दिसलं की फोटो काढून नोट्समध्ये टाकतो, वर लाल गोल करून कृषी सहायकांना व्हॉट्सॲप करतो. ते म्हणतात, नीट दिसत नाही. काय चुकतं?

गोल चुकतो. करपा रोगाचा ठिपका बारीक असतो आणि बोटाने काढलेली जाड रेघ नेमकी त्याच्यावरून जाते. भुरी रोगाची पांढरी पूड तर रेघेखाली पार झाकली जाते. म्हणून गोल नको, बाहेरून बाण आणा आणि त्याचं टोक डागाच्या अलीकडे थांबवा. गॅलरीत फोटोची कॉपी करून खुणा तिच्यावरच करा, मूळ फोटोला हात लावू नका. महिन्याभराने दुसऱ्या कुणाला दाखवायचा झाला, तर तोच उपयोगी पडतो.

एक फोटो अख्ख्या कलमाचा, एक फांदीचा आणि एक अगदी जवळून, असे तिन्ही एकाच नोटमध्ये ठेवा. जवळच्या फोटोत दहा रुपयांचं नाणं धरा. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे डागाचा आकार समजतो. खाली लगेच लिहा : तारीख, कलमाचा नंबर, बाजू, शेवटची फवारणी. संध्याकाळी घरी जाऊन लिहू म्हटलं की कलमांची गल्लत होते, आणि औषध भलत्याच झाडावर जातं.

पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एरवी व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि बारीक डाग पुसट होतात.

मी राजापूरची विद्यार्थिनी, कातळशिल्पांवर प्रकल्प करते आहे. लॅपटॉपवर वननोट या नोंदींच्या ॲपमध्ये फोटोवर पेनने खुणा केल्या. फोटो जरा सरकवला तर खुणा जागच्या जागी राहिल्या!

वननोटमध्ये चित्र वेगळं आणि शाई वेगळी असते, म्हणून असं होतं. विंडोजवर फोटोवर राइट क्लिक करून ‘सेट पिक्चर ॲज बॅकग्राउंड’ निवडा. फोटो पानाला चिकटून बसतो, मग निर्धास्त लिहा. आधीच खुणा केल्या असतील, तर लॅसोने (घेरून निवडायच्या साधनाने) फोटो आणि शाई एकत्र निवडून हलवा.

तुमचा विषय मला फार जवळचा, म्हणून आणखी एक सांगते. जांभ्या दगडावरची रेघ उथळ असते. भर दुपारी फोटो सपाट येतो, सकाळच्या किंवा कलत्या उन्हात मात्र खाचेत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. रेघा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना कृपा करून भरू नका. कोकणातली कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. रंग भरायचा तो स्क्रीनवर भरा.

आजीच्या पाककृतींच्या वहीचे फोटो काढलेत. ‘सांदण’ शोधलं तर सापडत नाही.

गुगल कीप या नोट्सच्या ॲपमधलं ‘ग्रॅब इमेज टेक्स्ट’ छापील मजकूर बऱ्यापैकी उचलतं, पण आजीच्या वळणदार अक्षरावर, तेही तेलाचे डाग पडलेल्या पानावर, भिस्त ठेवू नका. प्रत्येक फोटोखाली दोन-चार शब्द स्वतः टाइप करा : सांदण, फणसाचा रस, तांदळाच्या कण्या. शोध त्यावर लागेल. पानांचे फोटो पडवीत, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. एखादं माप कळत नसेल, तर आजीला विचारून बाणाने तिथेच लिहा. तिची वाटी केवढी होती हे वहीत नसणार. त्या वाटीचाही फोटो ठेवा.

कीप माझा फोटो घेतच नाही.

कॅमेरा ५० मेगापिक्सेलवर असेल. कीपची मर्यादा २५ मेगापिक्सेल आणि १० एमबी आहे. साध्या मोडवर काढा.