गोवर एकदाच होतो, मग फ्लू पुन्हा पुन्हा का होतो?

लहानपणी एकदा गोवर येऊन गेला तो पुन्हा कधी आला नाही, फ्लू मात्र दर दोन-तीन वर्षांनी गाठतोच, तेव्हा शरीराला गोवराची आठवण राहते आणि फ्लूची राहत नाही असे समजायचे का, असे आपण विचारले आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि विषाणूंचा धडा सुरू झाला की कोणी ना कोणी विद्यार्थी हीच शंका काढतो. शंका रास्त आहे, परंतु तिच्यातला तर्क चुकतो, कारण शरीर फ्लूलाही विसरत नाही.

डेन्मार्कचे डॉक्टर पीटर पानुम १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर गोवराची साथ पाहत होते. तेथे त्याआधीची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती, आणि त्या वेळी गोवर झालेले म्हातारे पासष्ट वर्षांनंतरच्या या साथीत आजारी पडले नाहीत, अशी नोंद त्यांनी केली. आता फ्लूचा दाखला पाहा. १९१५ किंवा त्यापूर्वी जन्मलेल्या ३२ व्यक्तींचे रक्त तपासणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९१८ च्या महासाथीतील विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला धरणारी शरीराची संरक्षक प्रथिने, सुमारे नव्वद वर्षांनंतरही त्या सर्वांच्या रक्तात आढळली. आठवण दोन्हीकडे पक्की आहे. अडचण अशी की पुढच्या खेपेला दारात येणारा फ्लूचा विषाणू तोच राहिलेला नसतो.

दोन्ही विषाणूंचा जनुकीय मजकूर आरएनए या रेणूत लिहिलेला असतो आणि त्याची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) झालेली चूक तपासून दुरुस्त करत नाही. त्यामुळे चुका गोवराच्या विषाणूतही होतात, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते. त्या चुका पचतात की नाही, यावर सारे अवलंबून आहे. गोवराच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनाने तो आपल्या पेशीला चिकटतो, त्यात महत्त्वाच्या जागी बदल झाला की चिकटण्याची क्षमताच जाते, आणि शिवाय आपली प्रतिपिंडे एकाच वेळी त्याच्या अनेक भागांना धरत असल्याने एखाद्या बदलाने त्याची सुटका होत नाही. म्हणूनच १९५४ मध्ये एका रुग्णाच्या नमुन्यातून वेगळ्या केलेल्या एडमन्स्टन या वाणापासून (विषाणूच्या उपप्रकारापासून) तयार झालेल्या लशी आजही जगभर उपयोगी पडतात. फ्लूच्या विषाणूचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन मात्र पेशीला चिकटणारी खोबण शाबूत ठेवून तिच्या आजूबाजूचा भाग बदलू शकते, आणि आपली बहुतेक प्रतिपिंडे नेमकी तेथेच बसतात.

हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. छोटे खळगे असलेल्या प्लास्टिकच्या ताटलीत विषाणू, रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा, प्रतिपिंडे असलेला द्रव) आणि तांबड्या रक्तपेशी एकत्र करून साधारण अर्धा तास ठेवतात. हिमॅग्लुटिनिन रक्तपेशींना एकमेकींशी जोडत असल्यामुळे त्या जाळीसारख्या पसरून राहतात. पण सीरममधील प्रतिपिंडांनी विषाणूला आधीच वेढले असेल, तर मोकळ्या राहिलेल्या पेशी घरंगळत तळाशी जमतात आणि बटणासारखा लाल ठिपका दिसतो. ओळीतल्या पुढच्या प्रत्येक खळग्यात सीरम अधिकाधिक पातळ केलेले असते. मी ही ताटली पहिल्यांदा पाहिली तेव्हा जुन्या विषाणूच्या ओळीत सीरम कितीतरी पट पातळ केल्यावरही बटणे ठसठशीत होती आणि बदललेल्या विषाणूच्या ओळीत ती दोन-तीन खळग्यांतच संपली होती. सीरम एकच होते. तो क्षण मी विसरलेलो नाही.

याहून मोठी उलथापालथही होते. फ्लूचा मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो, त्यामुळे माणसातला आणि पक्ष्यातला विषाणू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन कोणाच्याच ओळखीचा नसलेला विषाणू निपजू शकतो. १९५७ आणि १९६८ च्या महासाथी अशाच उद्भवल्या. गोवराचा मजकूर अखंड असतो आणि तो विषाणू माणसांतच फिरतो, म्हणून तेथे ही वाट बंद आहे.

आणखी एक कारण वेळेचे आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. मागचा विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशींना जागे होऊन भरपूर प्रतिपिंडे तयार करायला काही दिवस लागतात. गोवराची लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत दहा-बारा दिवस जातात, तेवढ्या अवधीत त्या सज्ज होतात. फ्लू एक ते चार दिवसांत लक्षणे दाखवतो, म्हणून त्याला थोपवायला प्रतिपिंडे आधीपासून पुरेशा प्रमाणात हजर असावी लागतात, आणि ती तर लशीनंतर काही महिन्यांत कमी होऊ लागतात.

आपण ज्याला फ्लू म्हणता त्यातील काही आजारपणे साध्या सर्दीची असण्याचीही शक्यता आहे, कारण सर्दी करणाऱ्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. खऱ्या फ्लूसाठी जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते वाण असावेत याची शिफारस करते. त्यामुळे गेल्या वर्षी घेतलेल्या लशीवर या वर्षी विसंबून राहू नका, विशेषतः घरात वृद्ध माणसे, तान्ही मुले किंवा गर्भवती स्त्री असेल तर.