रेडिएटरमधली हवा काढली तरी चार दिवसांत पुन्हा गुळगुळ. बॉयलर बदलावा का?

बॉयलर बदलू नका. निदान एवढ्यावरून तरी नको.

इंग्लंडमधलं घर, कॉम्बी बॉयलर (घर तापवणं आणि नळाचं गरम पाणी, दोन्ही एकाच यंत्रातून), वरच्या बेडरूममधला रेडिएटर वरून गार आणि खालून गरम, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे हवाच. खालचा मधला भाग गार असता तर गाळ म्हटलं असतं. पण बंद सिस्टीममध्ये चार दिवसांत हवा जमते, तर ती येते कुठून हे शोधायला नको? ते सोडून रेडिएटरची हवा सोडायची किल्ली नुसती फिरवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. आमच्या शेजारचे काका दर रविवारी किल्ली आणि फडकं घेऊन खोल्या फिरायचे. फुस्स आवाज, मागून काळं पाणी, मग प्रेशर पडलं म्हणून फिलिंग लूप (नळाचं पाणी सिस्टीममध्ये सोडणारी जोडनळी) उघडून ताजं पाणी भरायचं. याला ते देखभाल म्हणायचे. ताज्या पाण्यातली हवा तापल्यावर सुटते, तिच्यातला ऑक्सिजन लोखंड खातो, गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तोही वर जाऊन बसतो. पुढच्या रविवारची सोय काका स्वतःच करून ठेवत होते.

त्यांच्याकडे दोष निघाला एक्स्पान्शन व्हेसलचा, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या, हवा भरलेल्या डब्याचा. तुमच्याकडेही मी आधी तेच बघेन. सिस्टीम गार असताना बॉयलरच्या प्रेशर गेजचा काटा 1 ते 1.5 बारवर हवा. हीटिंग तासभर चालवा. काटा 2 च्या आसपास थांबला तर ठीक. 3 कडे धावला आणि गार झाल्यावर शून्याला टेकला, तर व्हेसलमधली हवा गेलीय. फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून निघून जातं. गार झाल्यावर आतलं पाणी कमी पडतं आणि वरच्या मजल्यावर एखाद्या सैल ग्लँडमधून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) हवा ओढली जाते. रात्री त्या नळीच्या तोंडाला फ्रीझर बॅग सैलसर अडकवा. सकाळी पिशवीत पाणी दिसलं तर चोर सापडला.

व्हेसलला गाडीच्या टायरचाच व्हॉल्व्ह असतो. पिन दाबल्यावर पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय, व्हेसल बदला. नाहीतर सिस्टीमचं प्रेशर शून्यावर आणून पंपाने हवा भरायची, साधारण 0.75 ते 1 बार, नेमका आकडा बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये असतो.

त्यानंतर एकदाच नीट हवा काढा: हीटिंग बंद, रेडिएटर गार, सुरुवात खालच्या मजल्यापासून. किल्ली अर्धा फेरा पुरे, जास्त फिरवली तर स्क्रू हातात येतो. शेवटी प्रेशर 1.2 वर आणा, फिलिंग लूप बंद करून सोडवून ठेवा आणि इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घाला, कारण इतक्या वेळा पाणी भरल्यावर जुनं पातळ झालेलं असणार.

आवाज खुद्द बॉयलरमधून, पाणी उकळल्यासारखा येत असेल तर तो क्षार साचल्याचा; लंडनच्या जड पाण्यात हे नेहमीचंच. फरशीखालची टिकटिक म्हणजे तापलेला पाइप लाकडाला घासतोय. रेडिएटरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की पाणी आपोआप रोखणारा) बंद होताना ठकठक झाली तर तो बहुतेक उलटा बसवलाय.

आणि हो, व्हेसल बॉयलरच्या सीलबंद कव्हरच्या आत असेल तर स्वतः उघडू नका, गॅस सेफ (ब्रिटनमधल्या गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणीचा माणूस बोलवा. माळ्यावर टाकी असलेली जुनी सिस्टीम असेल तर वरचं काटापुराण विसरा. आधी माळ्यावर चढून टाकीत पाणी आहे का आणि बॉलकॉक अडकलाय का ते बघा.